मुकादमाच्या पश्चात

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी थेंबांच्या वेळा लिहून ठेवायला सांगितलं म्हणून ही वही काढली. हिच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, तो परवा शस्त्रक्रिया करून बसवला. उजवा डोळा लहानपणापासूनच अधू. आता काही दिवस मान खाली घालून बसायचं, ओझं उचलायचं नाही आणि धुळीत तर अजिबात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे खुराड्यात जायचं नाही. म्हणजे मी जायचं.

हिच्या कोंबड्यांशी माझं कधी जमलं नाही. मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बटण दाबलं की वर जाते आणि दुसरं दाबलं की खाली येते, एवढं ज्या वस्तूला कळतं ती वस्तू मला कळते. कोंबडीला कुठेच बटण नाही. नोकरी संपल्यावर गावाबाहेरच्या या जमिनीच्या तुकड्यावर राहायला आलो तेव्हाच आमची वाटणी झाली होती. पंप, वायरिंग, छप्पर माझं. खुराडं हिचं.

चार वाजता थेंब घातले. सहाचे विसरलो, साडेसहाला घातले.

५ फेब्रुवारी

हिच्या कोंबड्यांना काजळ्या म्हणतात. पाच माद्या आणि एक कोंबडा. ही जात हिच्या आईकडून आलेली. लग्नात हिने सोबत काय आणलं असं कोणी विचारलं की मी सांगतो, एक ट्रंक आणि कोंबड्यांचं एक डालगं. आजवर मला त्या नुसत्या काळ्या वाटायच्या. आज सकाळी ऊन तिरपं होतं, आणि दाणे टाकताना एकीची पाठ अचानक हिरवी दिसली. मग ती वळली तर जांभळी. मी दाण्यांचं भांडं हातात धरून तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं हे सगळं घराच्या मागच्या बाजूला चालू होतं आणि मला पत्ता नव्हता.

कोंबड्याचं नाव मुकादम. नाव मीच ठेवलेलं, चेष्टेत. दाणे टाकले की तो चोचीने एक दाणा उचलतो, परत खाली टाकतो आणि माद्यांना हाक मारतो. त्या सगळ्या खाईपर्यंत बाजूला उभा. माझ्या नोकरीत मी पुष्कळ मुकादम पाहिले, त्यांतला एकही असा नव्हता.

"मुकादमाने खाल्लं का?" हिने आतून विचारलं.

"भरपूर," मी म्हटलं. त्याने दोनच दाणे टिपले होते. पण ही बिचारी मान खाली घालून बसलेली, उगीच काळजी कशाला.

१० फेब्रुवारी

मुकादम गेला. वय झालं होतं. सकाळी फळीवरून उतरलाच नाही.

दुपारपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतं. चहा घेऊन गेलो तर हीच म्हणाली, "आज आरवला नाही तो." मग काय सांगणार, कपाळ? मी कप पुढे केला, आणि तिला समजलं. मान खालीच ठेवायची असल्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. चहा तसाच निवला.

मग म्हणाली, "आजपासून एकही अंडं खायचं नाही. सगळी जपून ठेवायची. टोक खाली करून."

"अगं, आता कशाला? कोंबडाच नाही."

"अंडी अजून त्याचीच आहेत की. कोंबडा गेला तरी आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त, अंड्यांतून त्याची पिल्लं निघतात. कोंबडी साठवून ठेवते."

मला वाटलं दुःखाच्या भरात बोलतेय. म्हणून मुलीला फोन केला. ती शिकलेली आहे, या गोष्टी शोधून सांगते. दहा मिनिटांनी तिचा फोन: "बाबा, आई म्हणतेय ते खरं आहे." संध्याकाळी खुराड्यात गेलो आणि त्या पाच जणींकडे बघत बसलो. माती उकरत होत्या, एकमेकींच्या तोंडचे किडे पळवत होत्या. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मुकादमाला मी दुपारीच लिंबाखाली पुरलं, आणि इकडे तो पुढच्या आठवड्याच्या अंड्यांचा बाप होणार आहे.

पण सगळं आता यावरच आहे. गेल्या वर्षीच्या साथीत हिच्या मावसबहिणीकडच्या काजळ्या गेल्या. दुसऱ्या कोणाकडे असल्याचं ऐकिवात नाही. या अंड्यांतून पिल्लं निघाली आणि त्यांत एक जरी नर असला, तरच ही जात पुढे राहील. नाहीतर आमच्या या पाच वयस्कर बायका, आणि त्यानंतर संपलं.

१२ फेब्रुवारी

आज माझ्यामुळे घोळ झाला. खुराड्याची कडी नीट बसली नव्हती. कडी मी लावली होती. पाचही जणी कुंपण ओलांडून सुताराच्या अंगणात. सुतार आमचा शेजारी, चांगला माणूस, पण त्याची कोंबडी म्हणजे सगळी सरमिसळ. कोण कोणाचं ते त्यालाही ठाऊक नाही. दोन कोंबडे आहेत, एक पांढरा आणि एक डांबर. डांबर म्हणजे तुरा सोडला तर नखशिखांत काळा.

"दादा, पाहुण्या आल्यात आमच्याकडे!" सुतार एवढ्या मोठ्यांदा ओरडला की घरात बसलेल्या हिलासुद्धा ऐकू गेलं. मी त्यांना हाकत आणलं तेव्हा माझा जीव मेटाकुटीला आला होता.

"डांबर मोकळा होता का?" हिने विचारलं.

"दोघेही मोकळे होते."

मग म्हणाली, "आता पिल्लं निघाल्यावरच कळेल कोणाची ते."

"कशावरून कळणार?"

"ते माझ्यावर सोडा. पिल्लं जशी दिसतील तशी मला सांगा, बस्स."

अशा वेळी हिच्या वाटेला जाऊ नये. मी गेलो आणि नवीन कडी बसवली.

१७ फेब्रुवारी

मावशी खुडूक झाली. मावशी म्हणजे पाचांतली सगळ्यात थोराड. काल सायंकाळपासून रिकाम्या खोक्यात बसून होती, जवळ गेलं की अंग फुगवून गुरगुरायची. ही म्हणाली, आता तिच्याखाली अंडी ठेवा.

अंडी आधी हिच्यापुढे नेली. प्रत्येक अंडं तिने हातात घेऊन फिरवलं, गालाला लावलं, नखाने हलकेच टिचकी मारली. दोन बाजूला काढली. का, ते सांगितलं नाही. अकरा ठेवली.

मावशीखाली हात घातला तर भट्टीच. तिने मला एकदा जोरात चोच मारली, आणि मग एकेक अंडं चोचीने आपल्या पोटाखाली ओढून घेतलं. सगळी आत घेतल्यावर अशी बसली की जणू दगडच. एरवी पान हललं तरी दहा फूट पळणारी बाई.

तिला हे कोणी शिकवलं?

२४ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहायला हवं.

ही म्हणाली, आता अंडी दिव्याला धरून बघा. मी पत्र्याच्या डब्याला बरोबर अंड्याच्या मापाचं भोक पाडलं, आत बल्ब बसवला. दुपारी कोठीचं दार लावून घेतलं, फटीला पोतं लावलं. मावशी पाणी प्यायला उठली तेवढ्यात चार अंडी आणली. पहिलं भोकावर ठेवलं.

अंडं आतून पेटल्यासारखं लाल झालं. त्यात तांबड्या शिरा, केसाहून बारीक, चारी बाजूंना पसरलेल्या. त्यांच्या मधोमध एक ठिपका. मला वाटलं माझा हात थरथरतोय. हात डब्यावर टेकवून पुन्हा पाहिलं. हात स्थिर होता. ठिपका हलत होता. टुक, टुक, टुक.

मी खाली बसलो. आयुष्यभर मी वायरी जोडल्या. नकाशा समोर असूनही चुकलो आहे, अख्खी इमारत अंधारात घातली आहे. आणि इथे आठवडाभरापूर्वी जो नुसता बलक होता त्यात कोणीतरी एवढं सगळं जोडून, वर चालूही करून दिलं. मेलेल्या मुकादमाचं काळीज चाललं आहे असं मला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. लिहायला लाज वाटत नाही.

"काय दिसतंय?" ही दाराबाहेर खुर्चीत.

मी सांगत गेलो. शिरा कशा, ठिपका कुठे, किती जोरात. ती मधे मधे विचारायची, "आणि रुंद बाजूला? तिथे पोकळी दिसतेय?" इतकं बोलणं आमच्यात कित्येक महिन्यांत झालं नसेल.

पुढे सगळीच पाहिली. दोन अंड्यांत काहीच नव्हतं. ते तिला सांगितलं नाही. गुपचूप काढून टाकली.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे. ही म्हणाली, तुम्ही बाहेर बसा, आत फार गर्दी होते. आत डॉक्टरीणबाई सोडून कोणीच नव्हतं, पण बसलो. बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर माझा दंड धरला आणि म्हणाली, "सुधारतंय म्हणाल्या. वेळ लागेल."

जीव भांड्यात पडला. येताना गाडीत एक शब्द बोलली नाही, दमली असेल.

४ मार्च

हिला अचानक शिस्तीचं वेड लागलं आहे. चहाचा डबा डावीकडेच हवा, साखर त्याला लागून, कात्री खिळ्यालाच. मी चप्पल जरा वाटेत सोडली तर केवढी चिडली. भिंतीवरून हात फिरवत चालते आणि म्हणते, रंग पोपडे धरतोय का बघतेय. आज चहा ओतताना कप भरून वाहू लागला तरी ओतत राहिली. मी म्हटलं, लक्ष कुठे आहे तुझं? म्हणाली, "अंड्यांत."

माझंही तिथेच आहे. मावशी दोन आठवडे झाले तशीच बसून. दिवसातून एकदा उठते, घाईघाईने खाते, धुळीत अंग घोळते आणि अंडी गार व्हायच्या आत परत. बसण्याआधी पायाने सगळी अंडी उलटवते. मधली कडेला, कडेची मधे. एकाही अंड्याला जास्त ऊब नाही की कमी नाही.

९ मार्च

सकाळी मावशीपाशी कान नेला आणि आवाज आला. मावशीचा नव्हे, अंड्यांमधून. चिव चिव, फार लांबून आल्यासारखं. आणि मावशी खालच्या सुरात उत्तर देत होती. कवच फुटलेलं नाही, एकमेकांना पाहिलेलं नाही, आणि आई-लेकरांचं बोलणं चालू.

पळत जाऊन हिला सांगितलं. म्हणाली, मला दारापर्यंत न्या. डॉक्टरीणबाईंनी मना केलंय म्हटलं तर म्हणाली, "दारापर्यंत म्हणाले मी, आत नाही." नाकावर रुमाल धरून दारात उभी राहिली, डोळे मिटून ऐकत. मी तिच्याकडे बघत होतो. मोठ्या समारंभातसुद्धा माणसं इतकी शांत उभी राहत नाहीत.

दुपारी पहिलं कवच तडकलं. आतलं पिल्लू चोचीच्या टोकावरच्या दातासारख्या कणाने टोचा मारतं, थकतं, पडून राहतं, पुन्हा मारतं. मला सारखं वाटत होतं नखाने जरा सोडवावं. हिने बजावलं होतं, हात लावायचा नाही, ज्याचं त्याने यायचं. मग ते स्वतःभोवती हळूहळू फिरत अख्खं झाकण कापून बाहेर आलं. ओलं, लिबलिबीत, डोळे मिटलेले. आणि तासाभरात फुलून उभं!

संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ बाहेर. मला आज कोणी जेवायला विचारलं नाही आणि मला भूकही आठवली नाही.

१० मार्च

काल ओली होती म्हणून कळलं नाही. आज सुकल्यावर नीट पाहिलं.

पाठीवर काळी, पण पोट पांढरं. गळ्याखाली पिवळट. पंखांची टोकं पांढरी. एक नाही, दोन नाही, नऊच्या नऊ. काळ्या आईबापांच्या पोटी काळीच लेकरं येणार, एवढं मलाही कळतं. हे मुकादमाचं काम नव्हे. हा सुताराच्या पांढऱ्याचा उद्योग. आणि त्याला वाट करून दिली माझ्या कडीने.

थोड्या वेळाने हिने पिल्लू मागितलं. मी तिच्या ओंजळीत ठेवलं. तिने ते उताणं केलं, अंगठा पोटावरून फिरवला, खिडकीच्या उजेडाकडे धरलं.

"पोट कसं आहे?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्याखाली काळी वर्तुळं, गाल बसलेले. महिनाभर या एका गोष्टीच्या आशेवर बसलेली बाई.

"काळंभोर," मी म्हटलं.

"पायांच्या मधे?"

"तिथेही काळं."

"पंखांची टोकं?"

"काळी. अगं, काजळाची डबी उघडावी तशी आहेत सगळी. एकावरही डाग नाही."

"एकावरही नाही?"

"शपथ घेतो."

तिने पिल्लू माझ्या हातात दिलं. म्हणाली, "बरं. ठेवा आईपाशी." आणि भिंतीकडे तोंड करून पडली. आनंदाने माणूस कधी कधी असाच गळून जातो. डोळा बरा होईल तेव्हा तिला दिसेलच, तेव्हाचं तेव्हा बघू. आज तरी शांत झोपू दे.

१३ मार्च

मला काहीच समजेनासं झालं आहे. सकाळी ही म्हणाली, "पिल्लं जरा मोठी झाली की सुताराला देऊन टाका. कोंबड्याही घेऊन जा म्हणावं. मला आता होणार नाही."

"अगं, पण मुकादमाची पिल्लं आहेत!"

"सांगितलं तेवढं करा."

मी हात जोडले, आवाज चढवला, मुलीला फोन लावून दिला. मुलीलाही तेच सांगितलं, "आईकडून आलेलं माझ्या हातून संपलं." संपलं काय? तिच्या हिशेबाने नऊ काळीभोर पिल्लं अंगणात नाचत आहेत. शस्त्रक्रियेनंतर माणूस खचतो असं मुलगी म्हणाली. असेल.

सुतार संध्याकाळी आला, अगदी हिच्या समोर येऊन उभा राहिला. ही म्हणाली, "कोण आहे?" तो हसून म्हणाला, "वहिनी, एवढ्यात विसरलात?" महिनाअखेरीला घेऊन जाईन म्हणाला. आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

२० मार्च

दोन दिवस बाजार पालथा घातला. खरी काजळी पिल्लं कुठे मिळाली तर आणून ठेवावीत आणि माझं खोटं खरं करावं, असा विचार. पहिला दुकानदार म्हणाला, असलं काही नसतं. दुसऱ्याने पांढरी दाखवली आणि म्हणाला, रंग काय, चव तीच. त्याच्या दुकानात मला एक क्षणही उभं राहवलं नाही.

घरी आलो तर मावशी अंगणात पंख पसरून बसलेली, वर घार फिरत होती. एकही पिल्लू दिसेना. घार गेल्यावर मावशीने काहीतरी एकच शब्द काढला आणि तिच्या अंगातून, पंखांतून, मानेखालून नऊ डोकी बाहेर आली. नऊ जण त्यात मावले कसे, हे मला मोजपट्टी घेऊनही सांगता येणार नाही. मुकादमाची नसली म्हणून काय झालं, असं पहिल्यांदाच वाटलं. मला ती द्यायची नाहीत.

हिला तसं म्हटलं. तिने नुसती मान हलवली. हल्ली कोंबड्यांचं नावही काढत नाही. रात्रीचं जेवण जेमतेम दोन घास.

३० मार्च

सुतार उद्या येणार म्हणून आज सकाळी पिल्लांना अखेरचं बघून घ्यावं म्हटलं. पायरीवर बसलो. दाण्यांच्या लोभाने एक माझ्या पायावर चढलं. त्याला उचललं, उताणं केलं. आणि पांढऱ्या लवेत काहीतरी दिसलं.

चष्मा पुसून पाहिलं. छातीच्या दोन्ही बाजूंनी, पांढऱ्याच्या खालून, बारीक बारीक काळ्या सुया वर येत होत्या. प्रत्येक सुईचं टोक उललेलं आणि त्यातून इवलंसं पीस. मी ते उन्हात तिरपं धरलं.

हिरवं!

दुसरं उचललं, त्यालाही. तिसरं, त्यालाही. पंखांवर तर पांढऱ्याच्या जागी काळे दांडे ओळीने उभे. पांढरा रंग कोणी पुसून काढत नव्हतं, तो आपणहून बाजूला होत होता, आतून काळा येत होता. मी पिल्लू हातात घेऊन तसाच घरात धावलो, चपलांसकट.

"अगं ए! पांढरं जातंय! सगळ्यांचं! खालून काळं येतंय, हिरवी झाक मारतंय, तुझ्या आईची शपथ!"

ती पलंगावर उठून बसली. "काय म्हणालात? कुठलं पांढरं?"

झालं. तोंडातून गेलं ते गेलं.

"पोटाचं," मी म्हटलं.

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या. नऊच्या नऊ. पहिल्या दिवसापासून. पोट पांढरं, गळा पिवळट, पंखांची टोकं पांढरी. मी खोटं बोललो. मला वाटलं सुताराच्या पांढऱ्याची निघाली, तू मोडून पडशील."

तिने हात पुढे केला, मी पिल्लू दिलं. ते तिने छातीशी धरलं आणि रडायला लागली, अशी की मला आधार द्यावा की पळून जावं ते कळेना. मग रडता रडताच हसायला लागली आणि मोकळ्या हाताने माझ्या दंडावर गुद्दे घालू लागली.

"अहो, काजळीचं पिल्लू असंच असतं! पोट पांढरं असेल तरच ते आपलं! आई पिल्लू उलटं करून आधी पोट बघायची. डांबरची पिल्लं असतात जन्मापासून कोळशासारखी, आणि त्या पांढऱ्याची निघतात अख्खी पिवळी. तुम्ही म्हणालात काळंभोर, एकावरही डाग नाही. मला वाटलं, गेलं सगळं. वीस दिवस मी इथे मरून पडलेय!"

मी म्हटलं, "मग आधी सांगायचंस ना मला, पांढरं पोट बघा म्हणून!"

"तुम्हाला? तुम्हाला सांगितलं असतं तर पिल्लं डांबरासारखी असती तरी तुम्ही म्हणाला असतात, पांढरं आहे पोट. मला बरं वाटावं म्हणून. तुम्हाला मी ओळखत नाही का? म्हणून तर खूण सांगितली नाही. म्हटलं, ठाऊक नसेल तर खरं बोलतील."

इतक्या वर्षांच्या संसारात मला असं कोणी तोंडावर मारलं नव्हतं, आणि इतकं बरोबरही.

"पण तूसुद्धा खिडकीशी धरून बघितलंस की," मी म्हटलं. "पांढरं दिसलं नाही तुला?"

ती पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवत राहिली.

"दिसत नाही मला," ती म्हणाली. "डाव्याने काहीच नाही. पडदा बसला नाही, डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेलाच सांगितलं. उजव्याने उजेड तेवढा कळतो, तोही पूर्वीइतका नाही. आता जेवढं आहे तेवढंच."

"तू तर म्हणालीस सुधारतंय."

"तुम्ही रोज खुराड्यातून नाचत यायचात. कधी नव्हे ते. म्हटलं, कशाला."

पिल्लू तिच्या हातात झोपून गेलं. चहाचा डबा, साखर, कात्री, भिंतीवरचा हात, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि डोळे शाबूत असून मीच आंधळा होतो. मी रडलो. तिने माझा चेहरा हाताने चाचपून पाहिला आणि म्हणाली, "आता एक करा. मला जे असेल ते सांगत जा. चांगलं असो, वाईट असो. माझ्यापुढे आता तुमचं सांगणं तेवढंच आहे."

मी कबूल केलं. दिव्याला धरलेली दोन रिकामी अंडीही तेव्हाच सांगून टाकली. मुकादम अखेरच्या दिवसांत खात नव्हता तेही. ती म्हणाली, "अजून काय काय आहे?" दुपार त्यात गेली.

सुताराला जाऊन सांगितलं. तो बिचारा खट्टू झाला, पण म्हणाला, "वहिनींचं बरोबर आहे, दादा. घरची गोष्ट घरात राहू दे."

२ एप्रिल

सकाळी खुराडं उघडलं तर एक पिल्लू मरून पडलेलं. अंगावर जखम नाही, काही नाही. बाकीची आठ मावशीमागे निघाली होती.

पहिला विचार आला तो जुनाच. मुकादमाशेजारी पुरून टाकावं, आठ काय आणि नऊ काय. फावडं हातात घेतलंही होतं. मग ते भिंतीला टेकवलं, पिल्लू उचललं आणि आत गेलो.

"एक गेलं," मी म्हटलं.

तिने ओंजळ पुढे केली. पिल्लू उताणं घेतलं. मग विचारलं, "अजून पांढरं होतं का पोट?"

"निम्मं. निम्मं काळं झालं होतं."

"निम्मं म्हणजे कुठपर्यंत?"

मी तिच्या शेजारी बसलो, तिचं बोट धरलं आणि जिथे लव संपून नवी पिसं सुरू होत होती तिथे नेऊन टेकवलं. तिने बोट पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. मऊ आणि गुळगुळीत, यांमधली ती रेघ तिला सापडली, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"कळलं," ती म्हणाली. "आता बाकीच्यांचं सांगा."